मोघम नवस

बसा रे. सतीश, तू इकडं ये. धनंजय, ते दार लोटून घे, एसीची हवा जाते. तुम्ही दोघे तीनशे चार नंबर बघून आलात, हे जमाल वॉचमनकडून कळलं. मला सगळंच कळतं. ही बिल्डिंग मला एरियाच्या नावानं ‘कुसैसचा रेडिओ’ म्हणते, म्हणू देत. पण आधी ऐका, मग भाड्याचं ठरवा. ऐकीव नाही हे. समोरच्याच दारात राहतो मी.

तिथं देवदत्त राहायचा. देवगडकडचा, इथं आखातात फरशीचा व्यापारी. बायको हेमा आणि नऊ वर्षांची अंतरा. दोन हजार दोनच्या ऑक्टोबरात तो फरशीचे नमुने पसंत करायला चीनला गेला. दरवर्षी जायचा. त्या वर्षी मात्र पाय निघत नव्हता, कारण पोरीला रक्ताचा कॅन्सर निघाला होता. डॉक्टर प्रत्येक वाक्याला ‘इन्शाल्ला’ म्हणायला लागले होते. डॉक्टरच इन्शाल्ला म्हणायला लागले, की माणसानं समजून जावं.

परत आला त्याच दिवशी मी आंबोळ्यांचा डबा घेऊन गेलो. डबा निमित्त होतं, खरं म्हणजे चौकशी करायची होती. तेव्हा त्यानं सांगितलं.

काम संपल्यावर फॅक्टरीवाल्यानं एक दिवस फिरायला म्हणून गाडी दिली. बरोबर एक दुभाषी मुलगी. चार तास घाट चढून डोंगरात एक बुद्धाचं देऊळ. हजार-बाराशे वर्षांचं. धुकं एवढं की पायरी चढल्याशिवाय पुढची दिसत नाही. वर पोचला तर मनगटाएवढ्या जाड उदबत्त्या, मुंडण केलेले भिक्षू आणि आत दोन मजली बुद्ध. हात जोडले. छान वाटलं, म्हणाला. पोरीचं तोंड डोळ्यांपुढं आलं.

इथपर्यंत ठीक. पण आपण लोक देवदर्शन झालं की काय करतो?

“प्रदक्षिणा,” सतीश म्हणाला.

हां. दुभाषी मुलगी चपला सांभाळत बाहेर उभी. हा निघाला देवळाच्या मागून प्रदक्षिणा घालायला. तिथं प्रदक्षिणेचा रस्ता नव्हताच. होती एक खोली. आत भिंतभर लाकडी पाट्या, हातभर उंचीच्या, रांगेनं उभ्या. अक्षरं उडालेली. पुढं छोटे दिवे. याला वाटलं, आपल्या गावात देवळामागं रांगेनं पाषाण मांडलेले असतात, तसेच हे इथले राखणदार देव. आणि कोकणातला माणूस देव दिसला की नुसता हात जोडून सुटतो होय? गाऱ्हाणं घातलं त्यानं. मालवणीत, मोठ्यानं.

“बा देवा म्हाराजा, माझ्या चेडवाक बरां कर. तुझां काय आसात तां तुका देयन.”

गाऱ्हाण्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. खोलीत कुणी नव्हतं.

तरी कुणीतरी म्हणालं.

“चायनात मालवणी?” धनंजय हसला. मीही हसलो होतो रे. देवदत्त हसला नाही.

तेवढ्यात एक म्हातारा भिक्षू धावत आला आणि याला दंडाला धरून बाहेर काढलं. मुलगी सांगायला लागली, साहेब, हे देव नव्हेत. ही मेलेली माणसं. ज्यांच्या मागं कुणी उरलं नाही अशांची नावं आहेत पाट्यांवर. इथं भिक्षू त्यांना फक्त जेवण ठेवतात. त्यांच्याकडे कुणी काही मागत नाही.

म्हणजे याचा काही दोष नाही, आणि बुद्धाचा तर मुळीच नाही. चुकून भलत्याच दारात हात पसरला.

आणि अंतरा बरी झाली. डिसेंबरात रिपोर्ट क्लीन. डॉक्टरच चकित. फेब्रुवारीत पोरगी शाळेत. आम्ही बिल्डिंगभर जिलेबी वाटली. देवदत्तनं एकदा फोनवर आईला सगळं कौतुकानं सांगितलं. म्हातारी तानुबाई, कधी गावाबाहेर न गेलेली, अशी ओरडली, की ते मला माझ्या सोफ्यावर ऐकू आलं.

“मोघम बोललंस? मेल्या, नारळ म्हणाक काय झाला तुका? कोंबो म्हणाक काय झाला? आता तो मागात तां द्यावा लागतला!”

नवस बोलावा तर नाव घेऊन बोलावा, हे तिथं शेंबडं पोरही जाणतं. काळजीपोटी हा विसरला. “जा आणि मोकळो हो,” एवढंच म्हातारी म्हणत राहिली. त्यानं एप्रिलचं तिकीट काढलं.

आठवतं का, दोन हजार तीनचा एप्रिल? सार्सची साथ. चीनला कुणी जाईना. ट्रॅव्हलवाला म्हणाला, “खलास भाई, अभी भूल जाओ.”

त्याच आठवड्यात अंतरा म्हणायला लागली, “पापा, देअर आर पीपल इन द लॉबी.” मी दाराच्या भिंगातून बघायचो. लॉबी रिकामी.

गुरुवार, चोवीस एप्रिल. संध्याकाळी देवदत्त माझ्याकडे आला. दाढी वाढलेली. म्हणाला, “काका, रात्री काही ऐकलंत तरी दार उघडू नका. बोललो मी होतो, पोर नव्हती. त्यांना सांगतो, मला घ्या.” मी म्हटलं, “अरे, डोकं फिरलं का तुझं? चहा घे.” घेतला नाही.

रात्री दोन वाजून दहा मिनिटं. लिफ्टचा आवाज आला. तिसऱ्या मजल्यावर थांबली. दार उघडलं... बंद झालं. पुन्हा उघडलं... पुन्हा बंद. खूप माणसं उतरताना होतं तसं. मी भिंगाला डोळा लावला.

कुणी नाही.

समोरचं दार आतून उघडलं. अंतरा उभी. झोपायचा फ्रॉक. ती बाजूला सरकली. जागा देत होती. बराच वेळ सरकूनच उभी राहिली.

“पापा,” ती म्हणाली, “व्हेअर विल दे ऑल सिट?”

दार लागलं.

मग देवदत्तचा आवाज. “बा म्हाराजा, माझां घेवा, तिचां नको...”

शांतता.

मी वाट बघत होतो. कुणीतरी ‘व्हय’ म्हणेल याची.

तो पुन्हा म्हणाला. पुन्हा. पुन्हा... एकदाही ‘व्हय’ आलं नाही.

मी दार उघडलं नाही. खोटं कशाला बोलू, भ्यालो. हात कडीवर होता.

पहाटे हेमाची किंकाळी आली तेव्हा धावलो. तिला रात्रभर जाग आली नव्हती. अंतरा बिछान्यात झोपलेली, गालावर लाली. आणि बिछान्यापुढं देवदत्त, गुडघे टेकून, कपाळ जमिनीला. थंड. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

त्याला उचलला तेव्हा खालची फरशी मी पाहिली. त्यानंच निवडलेली, दोन वर्षांपूर्वी बसवलेली. ट्रक गेला तरी ओरखडा येणार नाही, म्हणायचा. तिच्यात दोन खळगे पडले होते. गुळगुळीत, मूठ बुडेल एवढे खोल. शेकडो वर्षं कुणी तिथंच गुडघे टेकत आलं असावं तसे.

एका रात्रीत.

हेमा पोरीला घेऊन देवगडला गेली. चावी माझ्याकडे ठेवली. मी मनाला समजावलं, गेला बिचारा, पण त्यांनी त्याचं ऐकलं.

गौरी गेल्या त्या दिवशी फोन आला. आजार उलटला होता. अंतरा गेली.

आठ दिवसांनी मालकाचा माणूस आला, त्याला मी तीनशे चार उघडून दिला. एप्रिलपासून बंद. जमिनीवर वाळूच्या धुळीचा थर, त्यावर पाऊल एकसुद्धा नाही. आतल्या खोलीत गेलो.

ते दोन खळगे होते तसेच होते.

त्यांच्या शेजारी दोन लहान होते.