तहानलेली वांगी

"पाणी तर भरपूर आहे! मग वांग्यांनी माना का टाकल्यात?" शांतम्माने चिखलात बोट खुपसले.

"शाळा आठवली असेल!" तिचा धाकटा भाऊ पंचाक्षरी म्हणाला.

पण ही हसण्याची वेळ नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत दोघे सोलापूरहून वळसंगला मामांकडे आले, तोच शिवलिंगप्पामामांनी निकाल दिला होता. खतासाठी रानात बसवलेल्या धुळाप्पा धनगराच्या मेंढ्यांच्या मुतानेच वांगी जळली! दिवस मावळायच्या आत त्याने कळप हलवायचा! पुरावा? मामांच्या मिशा.

धुळाप्पाची मुलगी मायाक्का कोकराला पोटाशी धरून बांधावर बसली होती. "कालच जन्मलंय. अजून हुबंबी ऱ्हाईना. हितं गोठ्याची ऊब हाय. उघड्या माळावर गारठ्यानं मरंल की!"

शांतम्माने मावळतीकडे पाहिले. ऊन उतरू लागले होते.

"अगं, तुझी मेंढी माती खातेय!" पंचाक्षरी ओरडला.

"खात न्हाय, चाटतीया. मिठाची लई हाव तिला."

मीठ? शांतम्माने वांग्याच्या बुडाची माती जिभेला लावली. थू! खारट!

तिला दुपारचे जेवण आठवले. मामींनी काकडीच्या फोडींना मीठ लावले आणि बघता बघता वाडग्यात पाणी साचले. फोडी मात्र मऊ पडल्या.

"मीठ फोडींतलं पाणी बाहेर ओढतं! मुळांचंही तसंच. मातीत मीठ जास्त, म्हणून मुळांना पाणी पिता येत नाही. उलट त्यांच्यातलंच बाहेर जातं!"

"म्हंजी पान्यात हुबं ऱ्हाऊन तान्हेनं मरायचं?" मायाक्का शहारली. "पर मीठ टाकलं कुनी?"

इतक्यात मामा झाकलेली पाटी घेऊन आले. "अजून इथंच? चला, आवरा!"

"मामा, पाटीत काय आहे?"

"वांग्यांचं औषध. पोरांनी विचारायचं नसतं!"

"मायाक्का, मेंढी सोड!" शांतम्मा ओरडली.

मेंढी थेट मामांकडे धावली. तिने आधी त्यांची बोटे चाटली, मग पाटीत तोंड घातले. फडके पडले. आत पांढरेशुभ्र मीठ!

"अय्यय्यो! कोकणात नारळाला घालतात म्हणे," मामा पुटपुटले. "म्हटलं, वांगीही नारळासारखी वाढतील."

"अहो, मग काढायला शिडीही आणून ठेवायची!" मागून आलेल्या मामी म्हणाल्या.

कळप राहिला. मुलांनी वाफ्यांतून गोडे पाणी सोडून खारे पाणी ओढ्याकडे वाहवले. काही झाडे गेली, पण बरीचशी हळूहळू सावरली.

"पोरी, तू माजं कोकरू राखलंस," धुळाप्पा म्हणाला.

मामांनी तर भाचीची हुशारी अख्ख्या वळसंगला ऐकवली. मीठ कुणी टाकले, तेवढे सांगायचे राहून गेले. मेंढी मात्र विसरली नाही. मामा चारचौघांत दिसले, की ती त्यांचे हात चाटायला धावत सुटे!