हिरव्या दोऱ्याची शिवण

“ताई, नाणं घावलं! सुभेदारांच्या गादीत!”

यासीन पिंजाऱ्याचा फोन आला आणि पोलीस शिपाई शिवांजलीनं सांगलीहून थेट फलटणजवळचं सुभेदार आजोबांचं गाव गाठलं.

पलटणीच्या शताब्दीचं चांदीचं नाणं. २००६च्या दसऱ्याला ते हरवलं आणि सुभेदार मानसिंगांनी विधवा थोरल्या सुनेला, प्रियदर्शनीला, चोर ठरवलं. सहा वर्षांच्या शिवांजलीसकट घराबाहेर काढलं. त्याच दिवाळीत ती लेकीला घेऊन पाया पडायला आली. सुभेदारांनी गादीवरून न उठता तिला हाकललं. पुढं एकोणीस वर्षं बिचारीनं सांगलीत हळद निवडली. माहेरच्या लग्नातसुद्धा ती शेजारी बसली की बायका आपली पाकिटं जवळ ओढत.

“गादी पिंजाय काढली कुणी?” शिवांजलीनं विचारलं.

“धाकल्या वैनींनी, तुमच्या काकूंनी. सुभेदार दवाखान्यात हुते म्हणून जमलं. एरवी हात लावू देत न्हाईत.”

“आदी कवा पिंजलेली?”

यासीननं खोळ उलटी केली. शिवण्याआधी आतून तारीख टाकायची त्याची सवय. १२/१०/२००६. दसऱ्यानंतर दहा दिवस.

“तवा आत काय नव्हतं?”

“कापूस बोटाबोटानं मोकळा करतो आमी. असतं तर घावलं असतं. आन् ह्यो टाका माजा न्हाई.”

कोपऱ्यात वीतभर शिवण हिरव्या दोऱ्याची होती. बाकी सगळी पांढऱ्या.

दुपारी सुभेदार दवाखान्यातून घरी आले. नाणं बघून क्षणभर थबकले आणि खुर्चीत बसले.

“तुझ्या आईनंच लपवलं असंल,” ते म्हणाले.

“आबा, तुमची बटणं कोण लावतं?”

“मीच. फौजेची सवय. माझ्या कपड्याला दुसऱ्याचा हात चालत न्हाई.”

“त्या दसऱ्याला सोनं वाटाय काय घालून गेला हुता?”

“कोट. का गं?”

शिवांजलीनं कपाटातला कोट काढून अस्तर उलटं केलं. खिशाखाली तोच हिरवा दोरा.

“आईनं चोरलं न्हाई. तुमीबी न्हाई. लोकांस्नी दाखवाय नाणं खिशात घातलंसा, त्ये फाटक्या खिशातनं अस्तरात गेलं. घरी आल्यावर आईवर आळ घातलासा. मग अस्तर शिवाय बसला, तवा घावलं. यासीनचाचांनी गादी शिवून दिल्यावरच. पर सुभेदार चुकला, ह्ये कबूल कसं करायचं? म्हणून गादीत शिवून टाकलंसा.”

 म्हाताऱ्याची मान ताठच होती. शिवांजलीला त्या मानेची किळस आली. तिनं आईला फोन लावून स्पीकर चालू केला.

“सूनबाई, नाणं घावलं बरं का,” सुभेदार उपकार केल्यासारखे बोलले.

प्रियदर्शनी रडायलाच लागली. “देवानं ऐकलं! मी म्हणत हुते, मामंजी!” मग हुंदका आवरून तिनं विचारलं, “कवा घावलं?”

सुभेदारांनी शिवांजलीकडं पाहिलं.

“सांगा तिला.”

“तू गेलीस... त्याच म्हैन्यात.”



“म्हंजी दिवाळीला मी पाया पडाय आले, तवा तुमी त्याच्यावरच बसला हुता?”

“व्हय.”

फोन कट झाला.

सुभेदार पहिल्यांदाच घाबरलेले दिसले. “गावात बोलू नगंस, पोरी. लय नाव हाय माजं.”

“माझ्या आईचंबी हुतं,” ती म्हणाली आणि नाणं घेऊन चावडीकडं निघाली.