कोऱ्या पाठीच्या नोटा

वात जरा वर कर रे... हां, बास. आणि माझ्या हातांकडे आत्ता बघू नकोस. आधी ऐक.

मी आणि फुलसिंग, आमची जादूची कंपनी होती हे तुला माहितीये. कंपनी कसली, एक पत्र्याची पेटी आणि आम्ही दोघं! मी स्टेजवर प्रोफेसर, फुलसिंग प्रेक्षकांत. मुंडासं बांधून, काखेत काठी घेऊन असा बेरकी शेतकरी होऊन बसायचा की त्याच्या आईनंही ओळखलं नसतं. मी विचारायचो, "कुणी एक नोट देता का?" हा कुरकुरत, मला शिव्या घालत द्यायचा. मी ती सगळ्यांदेखत जाळायचो. मग लिंबू कापायचो, आणि लिंबाच्या पोटात नोट! लोक वेडे व्हायचे रे.

जळायची ती अर्थातच आमची नकली. इथेच औरंगाबादेत, गुलमंडीमागच्या एका छापखान्यात अशा नोटा करून घेतलेल्या. पुढून हुबेहूब निजाम सरकारची नोट, मागून कोरी. दोन्ही बाजू छापायला छापखानेवाला तयारच होईना, तुरुंगात जाईन म्हणाला. त्यामुळे पाठ दिसू द्यायची नाही, हीच सगळी कसरत. माझी ही डावी करंगळी वाकडी आहे ना, लहानपणी दारात चेमटलेली, तिच्या खोबणीत नकली नोट अशी चपखल बसायची की बस! खरी कुठली, नकली कुठली, यात माझी कधी चूक झाली नाही. कधीच नाही. हे लक्षात ठेव.

तर पंचेचाळीस साल. औंढ्याची जत्रा आटपून आम्ही पुसेगावला निघालो होतो. तिथल्या तातेराव पाटलांचा सांगावा होता, संध्याकाळी खेळ करा म्हणून. हिंगोलीहून बैलगाडी मिळाली, शेवटचा तुकडा पायी. भर दुपार. हरभरा काढून झालेली रानं, चिटपाखरू नाही, आपल्याच चपलांचा आवाज आपल्याला मोठा वाटतो अशी शांतता. आणि गावच्या शिवेवर शेंदूर फासलेला दगड. त्याच्यापुढे पळसाच्या पानावर भात, हळदकुंकू, दोन ताजी लिंबं. लिंबांखाली घडी घातलेली नोट. एक रुपयाची, खरी!

"वा!" फुलसिंग खाली बसलाच. "लिंबू भी, नोट भी. आज का सामान मुफ्त!"

"राहू दे ना यार. उतारा आहे कुणाचा तरी."

"फुकट कुठं घेतो? बदली देतो की." त्यानं पेटीतली एक नकली काढली, छापलेली बाजू वर करून पानावर ठेवली, वर खडा ठेवला. "भूत काय उलटून बघणार आहे?"

आम्ही दोघंही हसलो. आम्ही दहा पावलं गेलो असू, मागे फर्रकन आवाज झाला. कागद उलटल्यासारखा. वारा नव्हता, पळसाचं पान हलत नव्हतं. वळून पाहिलं तर नोट पालथी. कोरी पाठ वर, आणि खडा... खडा पुन्हा तिच्यावर, नीट मधोमध ठेवलेला.

"चल," फुलसिंग म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

तातेराव खुशीत होते. चहा दिला, वर गूळही दिला. "तुमचा पायगुण बघा, मास्तर! माझी सून, अनुसया, दोन हप्ते झाले झपाटलेली. घरातल्या समद्यांचे हात धरायची अन् पिळायची. आज सकाळी उतारा टाकला, अन् दुपारी पोरीनं भाकर मागितली!"

मी कपबशी खाली ठेवली. "कशानं झपाटली होती?"

"नामाजीनं." पाटलांचा आवाज उतरला. "बैलांचा व्यापारी व्हता, लई वर्सांमागं. औंढ्याच्या जत्रेत जोडी इकली, लोकांनी खोट्या नोटा दिल्या त्याला. घरी येऊन उलटून बघितल्या तवा कळलं. जाब इचारायला माघारी गेला, तर त्याच लोकांनी शिवेवरच गाठला हो... नोटा धरलेले दोन्ही हात तोडले. हात घावलेच न्हाईत. म्हणून त्याच्या उताऱ्यात खरी नोट लागते. नाणं चालत न्हाई, बारकी चिल्लर चालत न्हाई. उलटून बघतो तो."

मी फुलसिंगला बाहेर ओढलं. "आत्ताच्या आत्ता जा आणि ती नोट परत ठेवून ये. त्या बाईचा जीव जाईल!"

"दिवे लागायला आले, लोक जमून राहिले. खेळ झाला की ठेवतो ना! नोट कुठं पळते का? माझ्याच खिशात आहे." त्यानं खिसा थोपटला.

चावडीपुढे गॅसबत्ती टांगली. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. पुढेच अनुसया बसली होती, सासूला टेकून. काडीसारखी बाई रे, आजारातून उठलेली, पण डोळे हसरे. पत्त्यांचे खेळ झाले, टाळ्या झाल्या. मग नोटेचा. फुलसिंगनं ठरल्याप्रमाणे कुरकुर केली, "जाळशील तर बघ, प्रोफेसर असशील घरी!" लोक हसले. त्यानं उताऱ्याची खरी नोट दिली. मी नकली करंगळीतून पुढे आणली, खरी मागे गेली, मागच्या मागे लिंबात गेली. मी शपथेवर सांगतो, गेली. माझ्या बोटांना कळतं. नकली दिव्यावर धरली.

तिला जळायला वेळ लागला. आणि वास... कागदाचा नव्हता. केस जळतात ना, तसा.

लिंबू कापलं, उताऱ्यातलंच. आतून आंबलेल्या भाताचा भपकारा आला. नोट काढून फुलसिंगकडे दिली. त्यानं ओरडायचं होतं, "अरे, माझीच हाय!" तो ओरडला नाही. त्यानं नोट उलटली आणि माझ्याकडे पाहिलं.

पाठ कोरी होती.

म्हणजे जळली ती...

बायकांच्या बाजूनं कुणीतरी उठलं. अनुसया. पदर पडलेला, सावकाश चालत आली. सासू हाका मारत होती, "अनुसया! ए लेकरा, काहून उठलीस?" ती थेट फुलसिंगपुढे येऊन थांबली. तोंडातून आवाज आला तो घोगरा, म्हाताऱ्या पुरुषाचा.

"माही नोट दे."

तातेराव धावले. स्वतःची नोट काढून तिच्या हातात कोंबली. खरी रे, मी पाहिली, दोन्ही बाजू छापलेली! तिनं उलटली. पाठ कोरी. "खोटी," ती म्हणाली आणि टाकली. पाटलांनी दुसरी दिली. उलटली. कोरी. गावातल्या चारचौघांनी कनवटीच्या काढून दिल्या. तिच्या हातात उलटली की कोरी... कोरी... कोरी...

"मला माफ कर, बाबा," फुलसिंग हात जोडून म्हणाला. "चुकलो."

जोडलेले हात. तेच तिनं धरले.

आम्ही सहा जण होतो तिला ओढायला. तातेरावांचा खांदा निखळला, मला तिनं नुसत्या कोपरानं ढकललं तर मी गॅसबत्तीच्या खांबावर जाऊन आपटलो, तोंडात रक्त. त्या काडीएवढ्या बाईनं मनगटं पिळली. एकदा. दोनदा. मक्याचं कणीस धाटावरून मोडताना कसा आवाज येतो, माहितीये? तसा आला. फुलसिंग किंचाळला नाही, नुसता तोंड उघडून राहिला. मग कातडं फाटलं. बत्तीच्या काचेवर रक्त उडालं आणि सगळा उजेडच लाल झाला. बायका, माणसं एकमेकांना तुडवत पळाली.

ती शांतपणे शिवेच्या बाजूला चालत गेली, अंधारात. हातांत त्याचे हात.

फुलसिंग माझ्या मांडीवर गेला. बांधायला धोतरं फाडली, पण रक्त थांबेना. अनुसया शिवेवरच्या दगडाशी सापडली, बेशुद्ध. तोंडावर पाणी मारलं तशी उठली, पहिल्यासारखी गोड, आणि रक्तानं भरलेल्या ओंजळीकडे बघून म्हणाली, "मामंजी, माह्या हाताला काय लागलं?" पुढे कधी झपाटली नाही म्हणे. फुलसिंगचे हात घावले नाहीत.

मी तेव्हाच खेळ सोडला. पेटीला कुलूप लावलं, माळ्यावर टाकली. वर्षभरानं विकायला म्हणून उघडली. वरची नकली नोट सहज उलटली. कोरी नव्हती. डाव्या तळव्याच्या रेषा उमटल्या होत्या, पिंगट रंगाच्या. अंगठ्याखाली डाग, जळल्याचा. फुलसिंगला होता तसाच! खालची उलटली. तीच. तिच्याखालची तीच. बाकीच्या कोऱ्या. दर वेळी उघडतो तेव्हा छापलेल्या जास्त असतात. जाळून पाहिल्या, दुसऱ्या दिवशी पेटीत हजर. नदीत टाकल्या, हजर.

आज तुला काहून बोलावलं? ही घे. सकाळी काढली, सगळ्यांत खालची. उलट.

हो, हाताचाच ठसा आहे. डावा. पण अंगठ्याखाली डाग नाही ना?

आता वात अजून वर कर... आणि ठशातली करंगळी बघ.

कशी वाकडी आहे...