कॅसेटवरची फुंकर

वर्षअखेरीची साफसफाई नोबुएने यंदा एकटीनेच काढली. पूर्वी कियोहारूदादा शिडीवर चढायचा आणि ती खालून सूचना करायची. त्यातल्या निम्म्या चुकीच्या, असं तोच म्हणायचा. आता दादाची फुप्फुसं पार थकली होती. पलंगाशेजारी प्राणवायूचं यंत्र घुरघुरत असायचं आणि त्याची नळी सदा दादाच्या नाकाशी. त्या यंत्रापायी डॉक्टरांनी रॉकेलची शेगडीही बंद केली होती. बाहेर तोयामाचा बर्फ, आत नुसत्या रजया. बोललं की तोंडातून पांढरी वाफ निघायची.

थंडीचं एवढं काही नाही. दादा अलीकडे बोलेनासाच झाला होता. जेवण नको, टीव्ही नको, बहिणीची कटकट तर नकोच नको. माणूस मरणाआधीच निघून चाललाय, या धास्तीने नोबुएचा जीव टांगणीला लागला होता. म्हणून अडगळीत, संत्र्यांच्या खोक्याच्या तळाशी दादाने बनवलेल्या जुन्या गेमची कॅसेट हाती लागली तेव्हा तिला केवढा आनंद झाला!

दादाच्या तरुणपणी चिनी लोककथांतल्या क्योन्शीने अख्ख्या जपानला वेड लावलं होतं. क्योन्शी म्हणजे ताठलेलं प्रेत. हात पुढे, पाय जुळवलेले, आणि टणाटण उड्या मारत येणार. त्याला डोळ्यांनी दिसत नाही, माणूस सापडतो तो श्वासावरून. श्वास रोखून धरला की त्याच्या लेखी तुम्ही नाहीतच. दादा तेव्हा ओसाकातल्या एका छोट्या कंपनीत गेम बनवायचा, त्याने क्योन्शीचाही एक बनवला. जुन्या गेमयंत्राच्या दुसऱ्या हँडलला माइक असे. क्योन्शी जवळ आला की खेळणाऱ्याने त्या माइकपुढे श्वास रोखून बसायचं, अशी नामी युक्ती. पण गेम बाजारात आलाच नाही. का आला नाही, ते दादाने कधी सांगितलं नाही.

दुपार कलली होती, दादाला डुलकी लागली होती. जागा झाल्यावर त्याला चकित करू म्हणून नोबुएने त्याच्याच खोलीतल्या जुन्या टीव्हीला ते जुनं गेमयंत्र जोडलं. कॅसेटचं जे तोंड यंत्रात बसतं, त्यावर पिवळा कागद चिकटवलेला होता, वर लाल शाईची चिनी अक्षरं. आत धूळ जाऊ नये म्हणून लावला असेल. तिने तो नखाने खरवडून काढला. तरी गेम लागेना, पडदा नुसता करडा. मग तिच्या पिढीतल्या प्रत्येकाने लहानपणी जे केलं, तेच तिने केलं. कॅसेट उपसली, ओठांशी धरली आणि छाती भरून फुंकर मारली.

आतून ओल्या मातीचा वास आला.

या खेपेला गेम लागला. चौकोनी ठिपक्यांचं स्मशान, वर चंद्र, संगीत नाही. मधोमध एक माणूस पाठमोरा उभा. त्याने पाय जुळवून उडी मारली. थप्प.

"नोबू… काय लावलंयस ते?" दादाला जाग आली होती.

"ओळख बघू! तुझंच बाळ आहे. आता तरी हस मेल्या."

दादा हसला नाही. "त्यावरचा कागद?"

"काढला. त्याशिवाय बसेना."

"बसू नये म्हणूनच लावला होता! अगं, प्रेताला जखडणारा कपाळावरचा मंत्राचा कागद कुणी काढतं का?" त्याला धाप लागली. "फुंकलीस?"

"सगळेच फुंकतात."

"आमच्या कंपनीतल्या तादोकोरोनेही फुंकली होती… दुसऱ्या दिवशी उड्या मारत कामावर आला, वेळेवर. आम्ही सगळे टेबलांखाली… श्वास धरून…" तो थांबला. "बंद कर आधी!"

नोबुएने वायरच उपटली. पडदा काळा झाला.

थप्प.

आवाज टीव्हीतून नव्हता. बाहेरच्या व्हरांड्यातून होता. दोन पाय एकदम, लाकडी फळीवर. मग पुन्हा, जरा अलीकडे. खोलीत यंत्राची घरघर आणि दादाच्या छातीची शिट्टी चालूच होती. साऱ्या गल्लीला ऐकू जावी, एवढी मोठी वाटत होती ती.

दादाने यंत्राकडे बोट केलं. "बंद कर… मी ऐकू येतोय त्याला."

"मरशील तू!"

"जरा वेळच… तोंड दाब माझं. मला रोखता नाही येणार."

तिने बटण दाबलं. दादाच्या नाकातोंडावर तळवा घट्ट ठेवला, स्वतःचा श्वास धरला आणि डोळे मिटले. दार सरकलं. ओल्या मातीचा तो वास आत आला, पलंगाभोवती फिरला. गारठलेल्या कापडाची कड तिच्या मानेला घासून गेली. तळव्याखाली दादा तडफडू लागला, त्याची नखं तिच्या मनगटात रुतली. आपण याला वाचवतोय की मारतोय? तिला रडू फुटत होतं, पण हात काही तिने काढला नाही.

मग तडफड थांबली. वासही नव्हता. बाहेर छपरावरून बर्फ घसरल्याचा आवाज आला.

नोबुएने धडपडत यंत्र सुरू केलं, नळी नीट लावली, दादाच्या छातीवर थापट्या मारल्या. "दादा! अरे ऊठ ना रे!" एक खोल, घोगरा श्वास आत गेला. मग दुसरा. त्याच्या ओठांतून पांढऱ्या वाफेचा लोट निघाला आणि नोबुए आनंदाने हमसाहमशी रडू लागली.

"गेलं ते, दादा. वाचलास. गेलं!"

दादा एकटक तिच्या तोंडाकडे बघत होता. तो बोलला तेव्हा शब्दाशब्दाला वाफ येत होती. "नोबू… श्वास सोड आता."

"सोडला की मघाशीच," ती म्हणाली. तिच्या ओठांपुढची हवा स्वच्छ होती. छाती काही मागतच नव्हती.

दादाचे डोळे विस्फारले. त्याने हात लांबवून यंत्राचं बटण दाबलं, नाक चिमटीत पकडलं आणि ओठ गच्च मिटून घेतले.

पलंगावर कुणीच नव्हतं. नुसती रजई.

"दादा?" नोबुए घाबरून म्हणाली. "कुठे गेलास?" आणि त्याला शोधायला तिने दोन्ही हात पुढे केले.