आरशावरची टेकडी

"आज तरी शहाण्यासारखा वाग रे," सायमी तळघराच्या अंधारात आरशाला म्हणाली.

"प्रयत्न करतो," दारातून उत्तर आलं.

ती दचकलीच. दारात एक उंच तरुण उभा होता, कोटावरचा बर्फ वितळून खाली ठिबकत होता. कारखान्याचे मालक हूगो यांची खोली शोधता शोधता तो चुकून इथे उतरला होता. नाव तौनो. दुर्बिणीचा आरसा तपासून घ्यायला उत्तरेकडच्या वेधशाळेने त्याला इथे तुर्कू शहरात पाठवलं होतं. म्हणजे सायमीचाच आरसा, तिने एकटीने घासून घोटलेला पहिला! पंधरा दिवसांत तो पास झाला नाही, तर हूगो तो काढून घेणार आणि सायमीची रवानगी परत चष्म्यांच्या काचांकडे होणार. हे कमी होतं म्हणून की काय, हसताना तौनोच्या गालाला खळी पडत होती.

तपासणी अंधारातच चाले. भिंतीशी तो खोलगट आरसा उभा, त्याला हळूहळू फिरवायला शेजारी सायमी. समोर दहा पावलांवर तौनो, बारीकशा दिव्यापाशी. आरशावरून परतणारा उजेड दिव्याशेजारच्या धारदार पात्याने जरासा अडवला की केसाच्या हजाराव्या भागाएवढा फुगवटाही टेकडीसारखा उठून दिसतो.

"कडेला टेकडी आहे," तौनो म्हणाला.

सायमीने ती घासली. सकाळी एकटीने पाहिलं, तर तिथे खळगा! मग बाकीचा सगळा आरसा घोटून खळग्याच्या पातळीला आणला. दुपारी तौनो आला... कडेला पुन्हा टेकडी. ही काच होती की कणीक?

आणि तौनोचं तरी काय कळत होतं? एक दिवस त्याने नदीपलीकडून दालचिनीचा गरम पाव आणून न बोलता तिच्यापुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी वहीतून मान वर काढली नाही. सायमी रात्री उशीत तोंड खुपसून विचार करी — याला मी आवडते, की माझी टेकडी?

बुधवारी हूगोंचा संयम सुटला; आरसा काढून घेतो म्हणाले. घाबरलेली सायमी बोलून गेली, "हा असला कीच टेकडी येते. याला बघताच येत नाही."

तौनो वही मिटून म्हणाला, "असेल." दुसऱ्या दिवशी तीनच्या गाडीने तो परत निघणार होता.

गुरुवारी हूगो स्वतः दिव्यापाशी बसले, आरसा फिरवायला नेहमीसारखी सायमी. आरसा स्वच्छ निघाला! पोरगा आंधळाच होता म्हणायचा, असं म्हणत त्यांनी आरसा पासही केला. सायमीने खरं तर नाचायला हवं होतं. तिने नाक पुसायला हात वर केला आणि नाकाला खरखरीत लोकर लागली.

हातमोजे. हाताच्या उबेने काच फुगते, म्हणून इथे मोज्यांशिवाय आरशाला कुणी बोट लावत नाही; पहिल्याच दिवशीचा धडा. आणि तौनो येताना दिसला की रोज, न चुकता, मावशीने विणलेले हे मोहरीच्या रंगाचे बोजड मोजे ती खिशात कोंबत होती. आज तो नव्हता, म्हणून ते हातात राहिले होते.

गप्प बसता आलं असतं. बसावंसं फार वाटलंही. पण कानापर्यंत लाल होत तिने हूगोंना सगळं सांगून टाकलं.

"उघड्या हाताने... महिनाभर चष्मे घासशील," हूगो म्हणाले. "आरसा तुझाच राहील. आता पळ, तीन वाजत आले."

तौनो फलाटावर उभा होता.

"टेकडी माझ्या हाताची होती," सायमी धापा टाकत म्हणाली. "हातमोजे काढून ठेवायचे मी."

"का?"

"भयंकर दिसतात. तू बघशील म्हणून..."

"अंधारात?"

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. "...हो."

तौनो मोठ्याने हसला. मग एकदम गंभीर झाला. "मला बघता येत नाही म्हणालीस ना... मला ते खरंच वाटलं. आरशाकडे बघायचं सोडून मी तुझ्या पावलांचा आवाज ऐकत बसायचो. म्हणून तर उलट काही बोललो नाही."

गाडी येऊन थांबली. त्याने गाडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"चढू की नको? तूच सांग. मला आता खरंच काही सुधरत नाहीये."

"नको," ती म्हणाली, आणि त्याची बॅग उचलून चालायला लागली.