तांब्यातल्या चार चिठ्ठ्या

“काय चोरीला गेलंय?” विभावरीने विचारलं.

“काही नाही,” सुदीप म्हणाला.

“कोणी धमकी दिली?”

“छे.”

“मग सकाळी नऊ वाजता तुम्ही माझ्या दारात का उभे आहात?”

सुदीपने शर्टाच्या खिशातून प्लास्टिकची छोटी पिशवी काढली. तिच्यात घड्या घातलेल्या चार चिठ्ठ्या होत्या. विभावरीने एकेक उलगडली. चारही कोऱ्या होत्या.

“काल संध्याकाळी यांच्यावर अक्षरं होती,” तो म्हणाला. “आज नाहीत.”

विभावरीने रसायनशास्त्रात पदवी घेतली होती, प्रयोगशाळेतली नोकरी सोडली होती, आणि म्हैसूरच्या बन्नीमंटपजवळ दोन खोल्यांत खासगी चौकशीची कचेरी उघडली होती. तिचा मावसभाऊ सुयश हेब्बाळच्या एका कंपनीत होता. आठवड्यातून दोन दिवस तो घरून काम करत असे, म्हणजे विभावरीच्या सोफ्यावर लॅपटॉप उघडून लोळत असे.

“कॉफी घेता?” सुयशने विचारलं.

“नको. कालची एकादशी. चिठ्ठ्या वाचल्याशिवाय आमच्यात उपास सोडत नाहीत. घरात सगळे कालपासून उपाशी आहेत.”

“नीट सुरुवातीपासून सांगा,” विभावरी म्हणाली.

सुदीपच्या पणजोबांनी शिवरामपेठेत शिंप्याचं दुकान टाकलं होतं. शाळांचे गणवेश आणि बँडवाल्यांचे कोट ही त्यांची खासियत. आता शहराच्या टोकाला, हेब्बाळच्या कारखान्यांच्या वसाहतीत एक मोठी शेड मिळत होती. ती घेतली तर दुकान बंद करून सगळं काम तिकडे न्यायचं. शेडच्या मालकाला आज दुपारी दोनपर्यंत उत्तर हवं होतं. नाहीतर शेड दुसऱ्याला जाणार होती.

घरात मोठा निर्णय असला की त्यांची एक रीत होती. एकादशीच्या संध्याकाळी सगळ्यांनी विठ्ठलासमोर आपापली चिठ्ठी लिहायची, तुळशीच्या पानांसह पितळी तांब्यात टाकायची. तांब्याच्या तोंडावर कापड बांधून ते शिवून टाकायचं. द्वादशीला सकाळी टाके कापायचे आणि चिठ्ठ्या मोजायच्या.

“टाके तुटलेले होते?”

“एकही नाही. कापड शिवते ती माझी अत्या, अंबूताई. तिचा जाड टाका आम्ही सगळे ओळखतो. बाबांनी सगळ्यांसमोर कात्रीने कापला.”

“तुम्ही काय लिहिलं होतं?”

“ते सांगायचं नसतं.”

“बरं. तुम्हाला शेड हवी आहे का?”

“मला काय,” सुदीप म्हणाला, “घरच्यांना चालेल ते.”

विभावरीने डोळे मिटून घेतले. सुयशने लॅपटॉप बंद केला. ताईचा हा चेहरा त्याच्या ओळखीचा होता.

तिने एक चिठ्ठी खिडकीकडे धरली. तिरप्या उजेडात पेनाच्या टोकाचे पुसट ओरखडे दिसत होते, पण वाचता येत नव्हते.

“कागद बदललेले नाहीत,” ती म्हणाली. “चला.”

*

दुकान खाली होतं, घर वर. कापणीच्या टेबलाशी सुदीपचे वडील नरहरी उंच स्टुलावर बसले होते. सत्तरीचे, गळ्यात टेप, कानामागे पांढऱ्या खडूचा तुकडा.

“पोलीस काय अम्मा तुम्ही?”

“नाही. काल चिठ्ठी कशाने लिहिलीत?”

“पेनने. अजून कशाने?”

“कुठलं पेन?”

“पेन म्हणजे पेन. देवापुढे कागदाशेजारी ठेवलेलं होतं. मी खडूचा माणूस. पेन घेऊन काय करू? अंबूताई सगळं मांडून ठेवती, आम्ही सुम्मने, गपचूप जाऊन बसतो.”

“तुम्हाला हेब्बाळला जायचंय?”

“माझं काय आता! पोराला पाहिजे तसं होऊ दे.”

“पोरगा म्हणतो घरच्यांना हवं तसं.”

“मग झालं तर,” नरहरी म्हणाले आणि खडूने कापडावर एक सरळ रेघ ओढली.

“काय कपाळ झालं?” विभावरी जिन्यात पुटपुटली. “या घरात कोणाच्या तोंडून ‘मी’ निघतच नाही.”

वर खिडकीशी सुदीपची बायको दीपश्री बसली होती. ती लग्नाच्या ब्लाउजांवर भरतकाम करी. मांडीवरच्या रेशमी बाहीवर बारीक काळ्या रेघेत मोर काढलेला होता, अर्धा मोर जरीने भरून झाला होता. शेजारी पूर्ण झालेली बाही घडी करून ठेवली होती. तिच्यावर काळी रेघ कुठेच नव्हती.

“ही रेघ धुऊन जाते?” सुयशने विचारलं.

“रेशीम कोण धुतंय? अत्या प्रेस करतात, झालं.” दीपश्री घाईत होती. “अक्का, लवकर विचारा हं. मला काल हुणसूरला नवरीचे ब्लाउज द्यायचे होते. चिठ्ठी टाकून सहाची बस पकडली, मावशीकडे राहिले, आज आठला परत आले. पोटात काही नाही, आणि इथे हे नाटक.”

“रेघ काढायचं पेन दाखवता?”

तिने डबा उपसला. “इथे नाहीये. काल दुपारपर्यंत होतं.”

“ते आणखी कोण वापरतं?”

“कोणी नाही. मीच ऑनलाइन मागवलं. बाबांना खडू सोडून काही चालत नाही, हे मशीनवर असतात.”

“हेब्बाळबद्दल तुमचं मत?”

दीपश्रीने सुई थांबवली. दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. “ह्यांना विचारा ना.”

“त्यांना विचारलं!” विभावरी जवळजवळ ओरडलीच.

मागच्या खोलीत अंबूताई इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या होत्या. नरहरींची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आल्या, त्याला पन्नास वर्षं झाली. त्यांच्या हातात दुकानाची जुनी, जड, रुंद इस्त्री होती.

“या, बसा. जेवायला सांगता येत नाही, घर उपाशी आहे.”

“चिठ्ठ्या कोऱ्या कशा झाल्या असतील, ताई?”

“विठ्ठलाच्या मनात नसेल. कोरं आलं म्हणजे त्याचं उत्तर नाही. उत्तर नाही म्हणजे हलायचं नाही, अल्वा? हो ना?”

“असं आधी कधी झालंय?”

“नाही.”

“मग हा अर्थ कोणी ठरवला?”

“मीच सांगितला सकाळी. मोठी कोण आहे घरात?”

टेबलावर इस्त्री केलेल्या गणवेशाच्या निळ्या पँटांची चळत होती. विभावरीने ती उचकली. अगदी तळाच्या पँटवर, मांडीच्या जागी, पांढरट अर्धवर्तुळ उमटलं होतं, बांगडीच्या तुकड्यासारखं.

“खडू,” सुयश म्हणाला. “शिंप्याच्या घरात खडू असणारच.”

“ही चळत आजची?”

“आजची. सहाला उभी राहते मी,” अंबूताई म्हणाल्या. “डोळ्यांनी बारीक शिवण होत नाही आता. इस्त्री तेवढी माझी.”

शेवटी विभावरी देवघरात गेली. विठ्ठलासमोर पांढऱ्या रांगोळीचं कमळ होतं, त्याच्या मधोमध तांब्या. तिने तांब्यात हात घालून तुळशीची पानं काढली. पानांचा बोटांत चुरा झाला. मूर्तीच्या पायाशी कालचीच तुळस होती. ती मलूल होती, पण मऊ होती. मग तिने तांब्या उलटा केला. बुडाच्या गोल कडेला रांगोळी चिकटून वाळली होती. कागदाच्या गठ्ठ्याशेजारी एक काळं पेन पडलं होतं. तिने ते उचललं आणि दीपश्रीला हाक मारली.

“हे तुमचं?”

“हो! इथे कसं आलं?”

“तुमच्या फ्रीजमध्ये बर्फाचा कप्पा आहे ना?”

“आहे. का?”

“त्या चार चिठ्ठ्या तिथे ठेवा. एक तासाने सगळ्यांनी इथे यायचं.”

“ताई, चिठ्ठ्या काय नासणार आहेत?” सुयशने विचारलं.

“चिठ्ठ्या नाही. माझं डोकं.”

*

सव्वा वाजता सगळे देवघरात जमले. सुदीप दर मिनिटाला घड्याळ बघत होता.

“टाके शाबूत होते,” विभावरीने सुरुवात केली. “म्हणजे तांब्यातून काही काढलं नाही, काही घातलं नाही. कागदावर ओरखडे आहेत, म्हणजे कागद कालचेच. मग गेली ती फक्त शाई. बंद तांब्याच्या आत काय पोचू शकतं?”

सुयशने तांब्यात डोकावून पाहिलं.

“उष्णता. तांब्यातली तुळस चुरचुरीत वाळली होती, देवाच्या पायाजवळची मऊ होती. दोन्ही कालचीच. म्हणजे तांब्या तापवलेला होता. आणि दीपश्रीचं हे पेन. रेशमावरची याची रेघ धुवावी लागत नाही, इस्त्री फिरवली की नाहीशी होते. काल तुम्ही चौघांनी याच पेनाने लिहिलंत.”

सगळ्यांनी दीपश्रीकडे पाहिलं.

“मी नाही!” ती म्हणाली. “मी इथे नव्हतेच!”

“नव्हता. म्हणून उरलं कोण? नरहरीकाका खडूवाले, सुदीप मशीनवर. या रेघेचं काय होतं हे दीपश्रीखेरीज रोज बघतं ते इस्त्री करणारं माणूस. देवापुढे कागद आणि पेन मांडणारंही तेच.”

अंबूताईंनी पदर सावरला.

“ताई, काल तांब्या धुऊन ओल्या बुडानेच तुम्ही रांगोळीवर ठेवलात. सकाळी तो उचलून तापलेल्या, उलट्या धरलेल्या इस्त्रीवर ठेवलात. चिठ्ठ्या बुडालाच होत्या. बुडाची रांगोळी इस्त्रीला लागली, आणि पहिल्या पँटवर इस्त्री टेकवली तेव्हा तिची अर्धी कड तिथे उमटली. शिंप्याच्या खडूची रेघ असती तर कापण्यासाठी असती. तिथे कोण कापणार? ती पँट चळतीच्या तळाशी होती, म्हणजे सकाळी पहिली. दीपश्रीची बस तेव्हा हुणसूरहून सुटलीही नव्हती.”

“अत्या?” सुदीप म्हणाला.

“मग काय करू?” अंबूताई एकदम उसळल्या. “तुम्ही सगळे हो म्हणणार होता! नरहरीला त्या स्टुलावरून उठवून घरी बसवणार! दुकान नसेल तर तो चार महिने जगणार नाही. मला माहीत आहे ना माझा भाऊ!”

“त्यांना विचारलंत?”

“विचारायचं काय त्यात? पन्नास वर्षं बघतीय.”

विभावरीने कपाळावर हात मारला. “दीपश्री, चिठ्ठ्या आणा.”

“ही शाई तापली की दिसेनाशी होते,” ती सुयशला म्हणाली, “आणि फार थंड झाली की परत येते.”

दीपश्रीने आणलेल्या गार चिठ्ठ्यांवर राखाडी, पण स्वच्छ कानडी अक्षरं उमटली होती. विभावरीला कानडी जेमतेम वाचता येई, पण दोन शब्द पुरेसे होते. ‘बेकु’ म्हणजे हवं, ‘बेड’ म्हणजे नको.

“बेड,” तिने पहिली वाचली. “बेड. बेड.” आणि शेवटची. “बेकु.”

“तीन नको?” अंबूताई खाली बसल्या. “म्हणजे मी काही केलं नसतं तर...”

“तर तुम्ही जिंकला होता. आता प्रत्येकाने आपली उचला. स्वतःची. दुसऱ्याची नाही.”

अंबूताईंनी एक ‘बेड’ उचलली. सुदीपने मान खाली घालून दुसरी उचलली.

“तू?” दीपश्री म्हणाली. “सहा महिने त्या शेडचे फोटो बघतोस झोपताना!”

“बाबांना दुकान सोडवणार नाही, म्हणून...”

“आणि तू?” सुदीपने दीपश्रीला विचारलं. तिसरी तिच्या हातात होती.

“मी माझ्यासाठी लिहिलं. खालचं ब्लाउजचं काउंटर मी उभं केलंय, गिऱ्हाइकं माझी आहेत. नवऱ्या हेब्बाळला ब्लाउज घालून बघायला येतात होय?”

“देवा,” विभावरी म्हणाली, “घरात एक तरी माणूस आहे.”

उरलेल्या चिठ्ठीकडे आता सगळे बघत होते. नरहरींनी ती उचलली, घडी घातली, परत उलगडली.

“पोरासाठी लिहिलंत ना, बाबा?” सुदीप घाईने म्हणाला. “तसं असेल तर नको. खरंच नको. तुम्ही दुकान...”

“सुम्मने इरो,” नरहरी म्हणाले. “गप बस जरा. मी अठरा वर्षांचा होतो. म्हाताऱ्याने एक दिवस उचलून त्या स्टुलावर बसवलं. मला रेल्वेत फिटर व्हायचं होतं. फॉर्म आणला होता. कोणी विचारलं नाही, मी पण बोललो नाही. बावन्न वर्षं कॉलर कापतोय. मला कॉलर आवडत नाही. कधीच नाही आवडली.”

अंबूताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. “कधी बोलला नाहीस.”

“तू इतक्या प्रेमाने डबा घेऊन खाली येत होतीस. कसं बोलू? आणि खरं सांग, अंबूताई. मी स्टुलावर नसलो तर तुला भीती माझी वाटते, का तुझी?”

अंबूताईंनी हातातली चिठ्ठी उलटसुलट केली.

“त्या हेब्बाळला मी कुठे उभी राहू?” अंबूताई शेवटी म्हणाल्या. “कंपनीच्या बसमध्ये चढू या वयात?”

“ही गोष्ट,” विभावरी म्हणाली, “कालच्या चिठ्ठीवर मावली असती.”

“खालचं अर्धं दुकान माझ्याकडे राहील,” दीपश्री म्हणाली. “इस्त्रीसकट. बाकीचं काय न्यायचं ते न्या.”

“तीनास एक झालंय पण,” सुदीप पुटपुटला. “रीतीप्रमाणे नको ठरलं. बाबा, तुम्ही म्हणत असाल तर... अत्या, तुला चालणार असेल तर... दीपू, तुझं खरंच...”

“सुदीप!” विभावरीचा आवाज चढला. “तुमच्या हातातली चिठ्ठी खोटी आहे. ती तुम्ही मोजता कशी? आता कोणालाही काहीही विचारू नका. पंचवीस मिनिटं राहिलीत!”

सुदीपने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. कोणीही मान हलवून मदत केली नाही. त्याने चिठ्ठी चुरगळली आणि फोन लावला. पलीकडून मालक कानडीत काहीतरी विचारत होता. घरात सगळ्यांचं एकमत झालं का, असंच बहुधा.

“नाही,” सुदीप म्हणाला. “एकमत नाही झालं.” त्याने चुरगळलेली चिठ्ठी खिशात घातली. “पण शेड मला हवी आहे. घरच्यांना नाही, साहेब. मला.”