पानाखालचा वडा

विश्वास ठेवा, नाहीतर नका ठेवू. मी स्वतः अंगणवाडीतल्या पोरांना सांगते की भूतबीत काही नसतं, आधी हात धुवा. पण तिजेला वडे तळायला मी कधीच का बसत नाही, असं तुम्ही विचारलंत. म्हणून सांगते.

अक्षय तृतीयेला आमच्या मूल तालुक्याकडच्या गावांत तीज म्हणतात. त्या दिवशी भर दुपारी आमचे पितर जेवायला येतात. नवी घागर भरायची, आतल्या खोलीत पळसाच्या पत्रावळी मांडायच्या. एकेका मेलेल्या माणसाचं एकेक पान, आणि ज्याच्या जिभेला जे आवडायचं ते त्याच्या पानावर. मग दार ओढून सगळ्यांनी ओसरीत बसायचं. दार उघडण्याआधी मोठ्यानं खाकरायचं, म्हणजे जेवणाऱ्यांना उठायला वेळ मिळतो. एकच गोष्ट करायची नाही. जित्या माणसाचं पान मांडायचं नाही.

दोन वर्षांमागची तीज. मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, ते पहिलंच पान होतं. हिवाळ्यात गेले बिचारे, धाकट्या पोराची वाट बघत. तो धाकटा म्हणजे माझा दीर प्रफुल. त्या तिजेच्या तीन वर्षांआधी मिरची तोडायला तेलंगणात गेला. सोबतचे सगळे टेम्पोनं परत आले, हा नाही. बाजारातून चप्पल घेऊन येतो म्हणून झोपडीतून निघाला तो निघालाच. फोन बंद. पोलीस ठाण्यात कागद दिला, तो तिथंच पडला. घरात त्याची बायको दिव्यानी आणि पाच वर्षांची पिंकी. दिव्यानी ना धड सवाशीण, ना धड विधवा. टिकली लावताना तिचा हात थांबायचा. मला ते बघवत नसे.

प्रफुलचा जीव लाखोळीच्या डाळीच्या वड्यांवर. पण खोडी एक. स्वतःचे पाचच्या पाच वडे तसेच ठेवायचा, आधी बापाच्या पानातला एक हळूच उचलायचा आणि आपल्या पत्रावळीखाली दडवायचा. जेवणं झाली की तो पिंकीला. ती तेव्हा जेमतेम पाऊल टाकत होती. मामाजींना सगळं दिसायचं, पण म्हातारा मुद्दाम भिंतीकडं बघत जेवायचा.

तर त्या दिवशी मी तीन पानं मांडली. आजेसासूला कढी, चुलतसासरे गुणवंतराव यांना शेवया, मामाजींना दोन वडे आणि चिंचेचं सार. उदबत्ती आणायला मी स्वयंपाकघरात गेले. परत येते तर पानं चार! चौथ्यावर पाच वडे, आणि बाजूला दिव्यानी उकिडवी बसलेली.

"काय करून राह्यली वं तू?" मी हातातली उदबत्ती तशीच धरून विचारलं.

"बाई, मले मालूम करायचं हाये," ती म्हणाली. "जेवला तर तो... तिकडचा. नाई जेवला तर जिता हाये. मी पाच वडे मोजून ठेवले."

"अवं, जित्याचं पान टाकत नाईत!"

"मंग मी काय करू? तुमीच सांगा."

मी उदबत्ती लावली आणि दार ओढून घेतलं.

ओसरीत आम्ही चौघं. माझे मालक खुशालराव, मी, दिव्यानी आणि माझ्या मांडीवर पिंकी. बाहेर ऊन असं की कुत्रंसुद्धा हिंडत नव्हतं. ओल्या घागरीचा वास दाराच्या फटीतून येत होता. मग त्यात दुसराच वास मिसळला. वाळल्या मिरचीचा. खुशालरावांना ठसका लागला. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. त्या दिवशी घरात आम्ही मिरची भाजलीच नव्हती. आतून पान सरकल्यासारखा आवाज आला... एकदाच. दिव्यानीनं माझं मनगट इतकं आवळलं की माझी बांगडी पिचली.

खुशालराव खाकरले. आम्ही दार उघडलं.

मामाजींच्या पानावर एकच वडा होता. दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या पानातलं काही हलतं. मी म्हणते उंदीर, हे म्हणतात पितर. दिव्यानीनं तिकडं बघितलंच नाही. ती चौथ्या पानाशी वाकली आणि मोजत सुटली.

"पाचच्या पाच! बाई, पाचच्या पाच! माय वं, जिता हाये तो!"

हसत होती, रडत होती, पिंकीला उचलून गरगर फिरवत होती. तीन वर्षांत तिचं तोंड असं मी बघितलं नव्हतं. मलाही रडू आलं. आम्ही जेवायला बसलो, तर ती तीनदा वाढून घेऊन जेवली.

मागून पानं उचलायला मी एकटीच आत गेले. चौथी पत्रावळ उचलली. तिच्याखाली वडा होता.

मामाजींचा.

मी दाराकडं बघितलं, बाहेर कोणी नव्हतं. मग तो उचलून पदरात बांधला. बोटं अशी भडकली जणू कोणी निखारा दिला. मिरची तोडणाऱ्यांचे हात असेच जळतात. प्रफुल हंगामावरून परत आला की भांडंभर ताकात हात बुडवून बसायचा. मी गोठ्यामागं जाऊन वडा खोल पुरला आणि परत आले, तर ओसरीत पिंकी.

"मोठी आई, माहा वडा?"

"कोनता वं?"

"बाबानं पानाखाली ठेवला तो."

"तुले कोनं सांगितलं?"

ती आतल्या खोलीच्या बंद दाराकडं बघत राहिली. सगळा वेळ पोर माझ्या मांडीवर होती हो! मी तिला खोटंच सांगितलं, मांजरानं नेला. दिव्यानीला काहीच सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगू?

अजूनही दिव्यानी त्याच्या फोनच्या नंबरावर पैसे भरते, टिकली मोठी लावते. आणि दर तिजेला, वडे तळताना, मला विचारते, "पाचच्या पाच होते ना, बाई?"

"हो," मी म्हणते.

म्हटलं की उजव्या हाताची बोटं भडकतात. मी कोणाला दाखवत नाही, पदराखाली मूठ आवळून बसते. तेवढ्यात पिंकी उठते, ताकाचं भांडं आणून गुपचूप माझ्यापुढं ठेवते आणि पुन्हा ओसरीत जाऊन बसते, त्या बंद दाराकडं तोंड करून.